एल्झाचा दिवस

जुलै लागला की माझ्या पर्सचं वजन वाढतं. शाळा सुटतात, शारजातली आमची इमारत मजल्यामजल्याने रिकामी होते आणि जाणारा प्रत्येक जण जाताजाता आमची बेल वाजवून हातात किल्ली ठेवतो. "शुभदाताई, झाडं तेवढी बघा." "भाभी, फिश टँक." "आंटी, गाडी आठवड्यातून एकदा स्टार्ट करा, प्लीज." आम्ही जुलैत कुठे जात नाही. माझा नवरा सुधीर जबल अलीच्या एका गोदामाचं काम बघतो आणि त्याला रजा मिळते डिसेंबरात. उन्हाळ्यात मागे उरणाऱ्या मोजक्या माणसांत आम्ही असतो, आणि उरणाऱ्यांत नीटनेटकी म्हणून माझी ख्याती आहे. प्रत्येक किल्लीला मी रंगीत चिठ्ठी बांधते, कुठल्या घरात काय करायचं त्याचा कागद फ्रिजवर लावते. मजीदभाई आमचा नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार. तो दर वर्षी तोच विनोद करतो. "भाभी, पूरी बिल्डिंग आपके पर्स में है. पर्स खोया तो हम सब खलास."

या दिवसांत सकाळी खिडक्यांना बाहेरून घाम फुटतो. आत एसी, बाहेर समुद्राची वाफ. थेंब काचेच्या पलीकडून ओघळत राहतात आणि ते आतून पुसता येत नाहीत. नळाचं थंड पाणी चटका देतं, म्हणून आम्ही गीझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी थंड म्हणून वापरतो. रस्त्यांच्या मधल्या खजुरांवर घोस पिवळे पडलेले असतात, त्यांना जाळीच्या पिशव्या बांधलेल्या असतात, आणि वाऱ्याचा लवलेश नसतो. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्मा एकदम पांढरा होतो. पूर्वी मी तो पदराने पुसून चालू लागायचे. आता त्या पांढऱ्या क्षणात थोडी थांबते. कारण पुढे येईलच.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कुणाचं नाव लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ एकच, विमान. नावापुढे बाण वर असेल तर माणूस जाणार, बाण खाली असेल तर येणार. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सगळे बाण वर आणि ऑगस्टच्या शेवटी सगळे खाली. मधला जुलै कोरा.

रिकाम्या घरात शिरण्याची माझी एक पद्धत आहे. आधी बेल वाजवायची. आत कुणी नाही हे माहीत असतं, तरी वाजवायची. दार उघडून उंबऱ्यात जरा थांबायचं. कोंडलेल्या हवेला प्रत्येक घराचा आपापला वास असतो, एका घरात उदबत्तीचा, एका घरात लहान मुलाच्या औषधाचा. मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं, नाहीतर पाइपातलं पाणी सुकतं आणि झुरळं वर येतात. मग कुंड्या, मग मासे. काही पाहायचं नाही असं ठरवलं तरी दिसतंच. विमानाच्या घाईत अर्धा टाकलेला चहा आणि त्यावर चढलेली हिरवी साय. बेसिनवरच्या पेल्यात राहून गेलेला एक टूथब्रश. दाराशी मुलाचे शाळेचे बूट, एक उभा, एक आडवा. एकदा मी तिसऱ्या मजल्यावर झाडांना पाणी घालत होते आणि माझ्या पाठीशी आन्सरिंग मशीन सुरू झालं. त्या घरच्या बाईंचा हसरा आवाज म्हणाला, आम्ही आत्ता घरी नाही, लवकरच भेटू. फोन करणारं माणूस काही बोललं नाही. फक्त श्वास ऐकू आला, मग तोही बंद झाला. मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी.

परतणारी माणसं आहेत, म्हणून हे काम सोपं वाटतं. नव्वद सालच्या ऑगस्टनंतर आमच्या इमारतीत कुवेतला नोकरीला असलेलं एक जोडपं काही महिने राहिलं होतं. ते सुट्टीवर गावी गेले आणि पाठीमागे तिकडे युद्ध आलं. त्यांच्या कुवेतच्या घराची किल्ली नवऱ्याच्या जुडग्यात तशीच होती. "फ्रिजमध्ये मासे होते हो," बायको भेटेल त्याला सांगायची. सगळ्यांना वाटायचं, एवढं सगळं गेलं आणि हिला माशांचं काय पडलंय. मला तसं वाटलं नाही. तेव्हापासून मी किल्ली घेताना आधी विचारते, फ्रिज रिकामा केलात ना?

रुबीताई पेणकर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. एका खाजगी दवाखान्यात नर्स. नवरा वारलेला, मुलगा कॅनडात. पेणकर म्हटलं की समोरचा माणूस लगेच म्हणायचा, "अरे वा, पेणच्या! मग आमचे गणपती तुमच्याकडचेच." रुबीताई हसून म्हणायच्या, "घ्या की, आणते एक." आणि एका वर्षी त्यांनी खरंच आणला. पेणहून वीतभर मूर्ती, कापसात गुंडाळून, मांडीवर धरून, विमानात. इमारतीचा गणपती पाच वर्षं तोच होता.

इथल्या मराठी मंडळाच्या जेवणांसाठी कोण काय खातं ते मी लिहून ठेवते. पेणकर यांच्यापुढे लिहिलं होतं: कोळंबी नाही, मटण असेल तर त्यात दही नाही. त्या म्हणायच्या ॲलर्जी आहे. इथे सुट्टी शुक्रवारची, पण त्या शुक्रवारी हौसेने ड्यूटी घ्यायच्या आणि शनिवार मोकळा ठेवायच्या. दवाखान्यातल्या बायका त्यांच्यावर खूश असायच्या. ही सगळी माहिती माझ्या हाती होती. ती मी कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिली नव्हती.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात एका शनिवारी त्या माझ्याकडे येऊन बसल्या. मी लसूण सोलत होते. "शुभा, तू फायली फार छान करतेस," त्या म्हणाल्या. "मला एके ठिकाणी जायचंय. एकटीला जमणार नाही."

"कुठे?"

"पोलंडला."

मला वाटलं कुणा पेशंटच्या ओळखीने नोकरी वगैरे. त्या म्हणाल्या, "शनवार तेली ऐकलेत ना? अलिबाग-पेणकडचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आम्ही ते. बेने इस्राएल, कोकणातले यहुदी."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही गं. पेण म्हटलं की सगळे गणपतीवर जातात." त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "आणि इथे आपलं काम बरं, आपण बरं. नर्सला काय, नाव आणि बॅज."

मग त्यांनी एडिथबाईंची गोष्ट सांगितली. रुबीताईंचं लहानपण भायखळ्यातलं. शेजारच्या खोलीत एडिथ नावाची गोरी बाई राहायची. युद्धाच्या तोंडावर व्हिएन्नाहून जीव वाचवून आलेली, यहुदी. दुकानांची शिलाई करायची आणि चाळीतल्या मुलींना टाके शिकवायची. तिची धाकटी बहीण एल्झा म्हाताऱ्या आईपाशी मागे राहिली होती. पुढे आई गेली. एल्झाची शेवटची चिठ्ठी आली त्यात लिहिलं होतं की मला घर सोडून जायला सांगितलंय, किल्ली खालच्या बाईंकडे दिली आहे, त्या कुंड्यांना पाणी घालतील. युद्ध संपल्यावर एडिथबाईंनी त्या खालच्या बाईंना पत्र टाकलं. एका ओळीचं उत्तर आलं. इथे आता दुसरे लोक राहतात. पुढे बरीच वर्षं विचारपूस करून एवढंच कळलं, की एल्झाला पोलंडमधल्या ऑश्विट्झच्या छावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढवलं होतं. तारीख कुणालाच सांगता आली नाही.

"आमच्यात माणूस गेल्याच्या तारखेला दिवा लावतात," रुबीताई म्हणाल्या. "दर वर्षी. पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. एडिथबाईंनी एल्झासाठी कधीच लावला नाही. माझी आई म्हणायची, अहो, कुठलाही एक दिवस धरा. त्या म्हणायच्या, दिवस मी ठरवला तर मीच तिला मारल्यासारखं होईल."

मी म्हटलं, "आमच्याकडे तिथी माहीत नसली तर सर्वपित्री अमावास्येला करतात."

"ते सगळ्यांचं झालं. त्यांना तिच्या एकटीचं हवं होतं." त्यांनी माझ्या ताटलीतली एक पाकळी उचलून नखाने सोलली. "मी त्यांचं शेवटचं आजारपण काढलं. जाताना म्हणाल्या, कधी तारीख कळली तर तू लाव. आता मी साठीला आले. मुलगा म्हणतो, ममा, व्हाय गो देअर? माझ्यामागे एल्झा हे नाव ठाऊक असलेलं कुणी नाही."

अशा कामाला मला नाही म्हणता येत नाही. त्याच संध्याकाळी मी नवी फाईल काढली. दुबईहून निघणारी युरोपची टूर होती, ती व्हिएन्नात संपायची. पुढचे चार दिवस आम्ही दोघींचे आपले काढले. पोलंडचा व्हिसा वेगळा, त्याच्या फोटोंचं माप वेगळं. मी सामानाचा कागद केला, त्यात लिहिलं: काचेचा पेला एक, वाती, काडेपेटी, खोबरेल छोटी बाटली, दोन पिशव्यांत बांधून. सुधीर म्हणाला, "तू कुठे चालली आहेस ते तुला कळतंय ना? ही सहल नाही." मी म्हटलं, "म्हणूनच काही विसरायला नको."

निघायच्या आधल्या दिवशी रुबीताईंनी आपल्या घराची किल्ली सुधीरच्या हातात ठेवली. त्यांच्या खिडकीत तुळस होती, अगदी आपल्यासारखी. "पाणी घाला हो," त्या म्हणाल्या आणि मग आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

मे महिना होता. मला वाटलं होतं तिथे सगळं करडं असेल. आम्ही पोचलो तर गवत गुडघ्याएवढं, पिवळ्या फुलांनी भरलेलं, आणि पक्षी इतके की बोलायला आवाज चढवावा लागत होता. विटांच्या दुमजली इमारती रांगेत, मधून रस्ते, कडेला उंच झाडं. पहिला विचार मनात आला तो असा, की किती शिस्तीत बांधलंय. तो विचार मला अजून सोडत नाही. कुठली इमारत कशासाठी, दार कुठे, नंबर कुठे, सगळं आखलेलं. कुणीतरी टेबलाशी बसून, पेन्सिलला टोक काढून, नीट विचार करून आखलेलं. मी त्या रस्त्यावरून चालत होते आणि माझ्या पावलांचा आवाज मला परका वाटत होता.

एका दालनात काचेमागे चष्म्यांचा ढीग होता. तारा एकमेकींत गुंतलेल्या, भिंगं धुळीने पांढरी. रुबीताईंनी आपला चष्मा काढून हातात धरला आणि काही न दिसता त्या समोर बघत राहिल्या. पुढे बूट. पुढे पातेली, किटल्या, दुधाची भांडी. कुणीतरी दूध तापवायचं भांडं बरोबर घेतलं होतं. एका दालनाच्या दारातूनच रुबीताई मागे फिरल्या. आत कापलेले केस होते. "मी नाही," त्या म्हणाल्या. "तू बघून ये. कुणीतरी बघायला हवं." मी बघून आले.

मग बॅगा. शेकडो बॅगा, चामड्याच्या, पुठ्ठ्याच्या, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत नाव, गाव, जन्मसाल.

इथे मला थोडं माझ्याविषयी सांगायला हवं. आमच्या इमारतीतल्या कार्टनांवर नावं मी घालते. माझं अक्षर मोठं आणि सरळ आहे. गावी निघालेली माणसं खोके दोरीने आवळून आणतात आणि म्हणतात, ताई, तेवढं नाव टाका. मी जाड मार्करने नाव, मुक्काम, तालुका, विमानतळ असं चारही बाजूंनी लिहिते, म्हणजे पट्ट्यावर कसंही आलं तरी ओळखू यावं. इतकी वर्षं हे करून माझा डोळा तयार झालाय. तिथे काचेपाशी उभी असताना मला दिसलं, की तीन-चार बॅगांवरचं अक्षर एकच आहे. तोच वळणदार आर, तीच खालची रेघ. आडनावं वेगळी, हात एक. म्हणजे त्यांच्या इमारतीतही कुणीतरी होती. चांगल्या अक्षराची. शेजारणी बॅगा घेऊन तिच्या दाराशी आल्या असतील, तेवढं नाव टाका म्हणत. तिने रंग कालवला असेल, सांभाळून, एकही थेंब सांडू न देता. माहिती देणारी तरुण मुलगी सांगत होती की बॅगा परत मिळतील असं सांगून नावं घालायला लावली होती. मी माझा उजवा हात पर्समध्ये घातला. का, ते सांगता येणार नाही. तो मला बाहेर नको होता.

दुपारी आम्ही तिथल्या कचेरीत गेलो. मी एल्झाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव असं टाइप करून नेलं होतं. तिथल्या बाईंनी फार आपुलकीने शोधलं. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी सावकाश इंग्रजीत सांगितलं की ज्यांना कामासाठी ठेवलं त्यांची नोंद व्हायची, त्यांना नंबर मिळायचा. त्यातलेही बरेच कागद जाळून टाकलेले. आणि ज्यांना गाडीतून उतरवल्यावर सरळ गॅसच्या खोल्यांकडे नेलं, त्यांची नोंदच व्हायची नाही.

"म्हणजे यादीत नाव नसेल तर?" मी विचारलं.

त्या बाईंनी माझा टाइप केलेला कागद नीट घडी करून मला परत दिला.

मी जन्मभर असं धरून चालले होते की यादीतून सुटणं म्हणजे निष्काळजीपणा. त्या खोलीत, त्या स्वच्छ टेबलापाशी, मला पहिल्यांदा कळलं की नाव न लिहिणं हीसुद्धा कुणाची तरी पद्धत असू शकते, आणि तीही तितकीच नीटनेटकी.

"तारीख नाही?" रुबीताईंनी एवढंच विचारलं. मग आभार मानले आणि त्या उठल्या.

थोड्या अंतरावर दुसरी, मोठी छावणी आहे, बिर्केनाऊ. रूळ आत जातात आणि मोकळ्यावरच संपतात. त्यांच्या टोकापलीकडे पाडलेल्या इमारतींचे ढिगारे आहेत, तिथे लोक मेणबत्त्या लावतात. आम्ही तिथवर चालत गेलो. वारा थंड होता, आम्ही दोघी स्वेटरवर शाली गुंडाळून. रुबीताई म्हणाल्या, "तारीख नाही तर नाही. इथवर आलोय तर लावून जाऊ." मी बॅग उघडली. पेला काढला, बाटलीतलं पाणी ओतलं, वात काढली. खोबरेलाच्या बाटलीचं बूच उघडून ती उलटी केली.

काहीच पडलं नाही.

तेल गोठलं होतं. पांढरं, घट्ट, बाटलीच्या आकाराचं. लहानपणी गावी थंडीत आई खोबरेलाची बाटली चुलीपाशी ठेवायची, नाहीतर उन्हात. हे ज्याला माहीत नाही असं आपल्याकडे कुणी नसेल. पण वाळवंटात इतकी वर्षं काढून मी थंडी विसरले होते. खोबरेल गोठतं हेच विसरले होते. बाटली तळहातांत धरून चोळली. काखेत धरली. रुबीताईंनी शालीच्या आत, पोटाशी धरली. एक थेंब सुटला, पेल्यातल्या पाण्यावर पडला आणि पडल्यापडल्या पांढरा झाला.

मला रडू येईल असं वाटलं, पण रुबीताई हसायला लागल्या. आधी हळू, मग खांदे हलवून. "अगं शुभा, आम्ही तेली ना," त्या म्हणाल्या. "आणि तेलाने दगा दिला." हसताहसता त्यांनी डोळे पुसले. जवळून जाणारी माणसं आमच्याकडे वळून बघत होती.

मग त्या त्या ढिगाऱ्याकडे बघत म्हणाल्या, "त्या खालच्या बाईने कुंड्यांना पाणी घातलं असेल का गं?"

घातलं असेल, असं म्हणायला जीभ वळत होती, पण ती जागा खोटं बोलण्याची नव्हती. गवत हलत होतं. पक्षी एकदम थांबले होते, किंवा मला ऐकू येत नव्हते.

"रुबीताई," मी म्हटलं, "एल्झाला एडिथबाईंनी शेवटचं कधी पाहिलं?"

"स्टेशनवर. व्हिएन्नाच्या. एडिथबाई बोटीसाठी इटलीला निघाल्या, एल्झा सोडायला आली होती. गाडी सुटल्यावर फलाटाच्या टोकापर्यंत धावत आली, हातातली छत्री हलवत. हे त्या शंभरदा सांगायच्या."

"तारीख?"

"ती पाठ आहे. जुलैतली."

"मग तीच धरा. ती गेल्याची तारीख आपल्याला नाही माहीत, नाही ठरवायची. कुणीतरी आपलं माणूस तिच्याकडे बघत होतं, तो शेवटचा दिवस. त्यात कुणी कुणाला मारत नाही."

हे मी विचार करून बोलले नव्हते. अडचण आली की पर्याय काढायचा, या सवयीने बोलले. मग त्यांनी पेल्यातलं पाणी गवतात ओतलं, पेला पदराने कोरडा केला आणि माझ्या बॅगेत ठेवला. "चल," त्या म्हणाल्या. "यल्ला."

शारजाला उतरून घरी आल्यावर बॅग उघडली तर बाटलीतलं तेल पाण्यासारखं पातळ झालं होतं. आम्ही काही न करता.

त्या जुलैत किल्ल्या आल्या तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचं ओझं वाटलं. लोक कार्टन घेऊन आले, मी नावं घातली. फक्त प्रत्येकाला मी विचारत होते, परत कधी? परतीचं तिकीट काढलंय ना? लोक हसायचे. "ताई, काढलंय हो, तुम्ही तर इमिग्रेशनवाल्यांसारखं करता."

एल्झाच्या दिवशी संध्याकाळी मी रुबीताईंकडे गेले. ओट्यावर पेला, त्यात पाणी, वर बोटभर तेल. एसीच्या झोताने ज्योत हलायची, म्हणून एसी बंद केला. बंद केल्यावर कळलं की आपण वर्षभर केवढ्या आवाजात राहतो. खोली हळूहळू तापायला लागली, कपाळावरून घाम उतरला. रुबीताईंनी काही शब्द म्हटले, ते मला समजले नाहीत. मग मराठीत म्हणाल्या, "एल्झा, तुझ्या बहिणीने पाठवलंय." ज्योत सरळ उभी होती, चित्रातल्यासारखी.

तेवढ्यात वरच्या घरात कुणीतरी चाललं.

आम्ही दोघींनी ऐकलं. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत, अनवाणी, सावकाश. मग पाणी वाहिल्याचा आवाज, अगदी थोडा, कुंडीत घालतो तेवढा. वरच्या घरातली माणसं गावी गेली होती.

"कोण आहे वर?" रुबीताईंनी विचारलं.

"कुणी नाही. किल्ली माझ्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन आले. आधी बेल वाजवली. सगळं जागच्या जागी होतं. सुधीर म्हणाला पाइपात हवा धरते. असेल. खिडकीतल्या मनीप्लांटची माती मी हात लावून पाहिली. ती ओली होती. मी आदल्या सकाळी पाणी घातलं होतं का, ते मला आठवेना, आणि फ्रिजवरच्या कागदावर खूण केलेली नव्हती.

रुबीताई निवृत्त होऊन दोन हजार एक साली ठाण्याला गेल्या. जाताना पेला मला देऊन गेल्या. "तिथे मी लावीन, इथे तू लाव. दोन ठिकाणी असलेलं बरं." त्या दिवशी दर वर्षी त्यांचा फोन यायचा, सकाळीच. "घातलंस तेल?" "घातलं." "पातळ आहे ना?" "इथे कसलं गोठतंय." बास, एवढंच संभाषण. फोन ठेवून मी दिवा लावायचे, घरात बाकी कुणी उठायच्या आत. ती तारीख मी कुठे लिहिली नाही. माझ्या इतक्या कागदांत तेवढीच एक गोष्ट नव्हती. त्या कचेरीतून आल्यापासून एल्झाला कुठल्या रकान्यात घालायला मन धजत नव्हतं. आणि फोन यायचाच की.

यंदा नाही आला. मी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि ठाण्याला फोन लावला. उचलला त्यांच्या भाचीने. म्हणाली, मावशी बरी आहे, जरा विसरायला होतं, बोला तुम्ही. मग रुबीताईंचा आवाज, तसाच, खणखणीत.

"शुभा! कशी आहेस? गणपती कुठला आणलात?"

"अजून वेळ आहे गणपतीला. रुबीताई, आज एल्झाचा दिवस."

"कोण एल्झा?"

मी फोनचा रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. जणू पहिला कान चुकला असेल. "एडिथबाईंची एल्झा."

पलीकडे त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या, तो मला ऐकू येत होता. मग त्या अगदी सहज, समजूत घालावी तशा म्हणाल्या, "गावाला गेली असेल गं. जुलै ना? सगळे जातात. किल्ली तुझ्याकडे दिली असेल बघ. तिच्या कुंड्यांना पाणी घाल हो."

"घालते," मी म्हटलं.

मी फोन ठेवला. त्या दिवशी सगळ्या इमारतीत मिळून आम्ही तीनच घरं होतो. बाहेर काचेवर थेंब ओघळत होते. मग मी ड्रॉवरमधून जाड मार्कर काढला, कार्टनांचा, आणि कॅलेंडरच्या त्या चौकोनात मोठ्या सरळ अक्षरांत लिहिलं, एल्झा. रेघ चौकोनाबाहेर जाऊ दिली नाही. पेल्यात पाणी घेतलं, वर तेल ओतलं, एसी बंद केला.

आवाज थांबला तशी ऋचा, माझी पंधरा वर्षांची मुलगी, खोलीतून बाहेर आली. "मम्मा, इट्स सो हॉट, व्हाय डिड यू..." आणि ती कॅलेंडरपुढे थांबली. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हू इज एल्झा?" तिने विचारलं. "यू फरगॉट द ॲरो. इज शी कमिंग ऑर गोइंग?"

मी काडी ओढली आणि तिला म्हटलं, "ये, बस इथे."